उलट्या पावलांचे इंजिन

काही वर्षांपूर्वी एका दुपारी इंदूरजवळच्या महू स्थानकावर मीटरगेजचे, म्हणजे अरुंद रुळांवरचे, वायडीएम-४ हे डिझेल इंजिन पाताळपाणीच्या गाडीला लागत होते आणि त्याचे लांब नाक पुढे आहे, एवढे पाहून मला विनाकारण बरे वाटले.

आमच्या इंदूरच्या घरी खांडव्याला जायचे म्हणजे ही छोटी गाडीच असे. चालकाची केबिन पुढे आणि लांबलचक धूड मागे असे इंजिन फलाटावर आले, की आजी पदर सावरत म्हणे, ‘‘अगं बाई, हे तर हडळीसारखे उलट्या पावलांनी चालतेय!’’ तिने आयुष्यभर वाफेची इंजिने पाहिलेली. आधी बॉयलर, मग माणूस, हाच तिच्या लेखी शिष्टाचार होता. तो माझ्यातही उतरला आहे.

खरे तर या इंजिनांना उलटे-सुलटे नसावे, अशीच योजना होती. केबिन एका टोकाजवळ. तिच्या एका अंगाला आखूड हूड, म्हणजे यंत्रांवरचे लोखंडी आवरण, आणि दुसऱ्या अंगाला जनरेटर, डिझेल इंजिन व अगदी शेवटी रेडिएटर पोटात घेतलेले लांब हूड. अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून १९६२ मध्ये आलेल्या आणि १९६४ पासून वाराणसीत बनू लागलेल्या डब्ल्यूडीएम-२ या मोठ्या रुळांवरच्या डिझेल इंजिनाच्या केबिनमध्ये तर नियंत्रणाचे दोन संच होते, म्हणजे कोणत्याही दिशेने निघा, फिरत्या चकतीवर (टर्नटेबलवर) नेऊन तोंड वळवण्याची यातायात नको. याच मार्गावरच्या कालाकुंड स्थानकात प्रवासी पळसाच्या पानातल्या कलाकंदाकडे धावतात, तेवढ्यात इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागते. साहजिकच जाताना किंवा येताना, एकदा तरी लांब हूड पुढे येतेच.

अमेरिकेतल्या नॉरफोक अँड वेस्टर्न आणि सदर्न या रेल्वेंनी मात्र मुद्दाम लांब हूड हीच पुढची बाजू ठरवली होती. समोरून काही आदळलेच, तर चालकाच्या आधी यंत्राचा लोखंडी डोंगर उभा असावा, हा त्यामागचा विचार. माझ्या आवडीला एवढा भारदस्त आधार मिळाल्यावर मी काही दिवस खुशीत होतो.

मग शेजारच्या काकांनी, जे उभी हयात गाड्या चालवत होते, शांतपणे समजावले. आपल्याकडे चालक डावीकडे बसतो. लांब हूड पुढे असले आणि मार्ग उजवीकडे वळू लागला, की रूळ, सिग्नल, फाटक सारे त्या भिंतीआड जाते. मग पलीकडच्या खिडकीतून सहचालक ‘हिरवा’ म्हणेल, त्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून जायचे. त्यात धुराडे पुढे, म्हणजे धूर आणि धग तोंडावर. ‘‘तुला बाहेरून छान दिसते रे,’’ एवढेच ते म्हणाले.

डब्ल्यूडीपी-४डी सारख्या नव्या इंजिनांना दोन्ही टोकांना केबिन आहे आणि हा प्रश्नच मिटला आहे. मला ती इंजिने बिनचेहऱ्याची वाटतात. पण हे काकांसमोर बोलायची माझी टाप नाही.