दशम्या, राब आणि पालर पाणी

आम्ही खानदेशी माणसे उन्हाच्या बाबतीत थोडी गर्विष्ठ असतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, तर ती बातमी आम्ही घरातल्या मुलाचे गुण सांगावेत तशी सांगतो, आणि मुंबईचा पाहुणा पंख्याखाली बसून हुश्शहुश्श करू लागला की आम्हाला आतून बरे वाटते. त्यामुळे होळीनंतर जोधपूर-जैसलमेरला जायचे ठरले, तेव्हा मार्चमधले पस्तीस-छत्तीस अंशांचे वाळवंट आपले काय वाकडे करणार, अशी माझी पक्की समजूत होती. ती कुठे आणि कशी उतरली ते पुढे येईलच. पण आधी शिदोरीबद्दल लिहिले पाहिजे, कारण या प्रवासातले बरेचसे शहाणपण त्या शिदोरीतच बांधलेले होते.

मी, पत्नी आणि अमळनेरची सत्तरीतली आत्या असे आम्ही तिघे होतो. आत्याने कणकेत पाण्याचा थेंबही न घालता निव्वळ दुधात भिजवलेल्या गुळाच्या वीस-बावीस दशम्या, लसूण-शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि डबाभर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे खानदेशी पापड, बरोबर घेतल्या होत्या. पाण्यात भिजवलेली पोळी दुसऱ्या दिवशी चिवट होते आणि उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी वास धरते. दुधातली दशमी तीन-चार दिवस सहज टिकते, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. मी मात्र रेल्वेत सगळे मिळते म्हणून नाक मुरडले होते. सुरतला गाडी बदलून जोधपूरला पोहोचेपर्यंत जळगावची केळी संपली आणि दशम्या निम्म्यावर आल्या, यात माझा वाटा सगळ्यांत मोठा होता.

जोधपूरहून जैसलमेर रस्त्याने सुमारे २८० किलोमीटर आहे. गाडी भाड्याने घेतली होती आणि चालक पोकरण भागातलाच होता; आत्याला तो पहिल्या तासापासून ‘माजीसा’ म्हणू लागल्याने पुढे कुठे थांबायचे आणि काय खायचे हे ठरवण्याचे अधिकार त्या दोघांकडे गेले. वाटेतल्या ढाब्यावर गट्ट्याची भाजी, कढी, पापडाची भाजी आणि केर-सांगरी असे ताट आले. आत्याने ते बराच वेळ नुसते न्याहाळले आणि म्हणाली, ‘यात भाजी कोणती रे?’ प्रश्न रास्त होता. बेसन, ताक, वाळवलेला पापड आणि वाळवलेल्या शेंगा. मळ्यातून खुडून आणलेले त्यात काहीच नव्हते. जैसलमेरकडे वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो, आमच्या जळगाव जिल्ह्यात सुमारे ७००. एवढ्या पावसात भाजीपाला पिकणार कुठून? म्हणून तिथल्या स्वयंपाकात पाण्याचे काम शक्य तिथे ताक, दूध आणि तुपाकडून करून घेतात, आणि जे वर्षातून एकदा मिळते ते वाळवून ठेवतात. आपली शेवभाजी, सांडगे आणि बिबड्या हा त्याच विचाराचा थोडा सौम्य प्रकार म्हणता येईल. फक्त आपल्याला ते वाळवण हौस म्हणून खाता येते.

सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी, जिला आपल्याकडे सौंदडही म्हणतात. दसऱ्याला जिची आपण पूजा करतो, तिच्या कोवळ्या शेंगा उकडून, वाळवून वर्षभर खाता येतात, हे मला पन्नाशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हते. केर हे आपल्या नेपतीचे फळ. हिरव्या वाटाण्याहून थोडे मोठे, आणि कच्चे असताना इतके कडू की मिठाच्या पाण्यात किंवा ताकात काही दिवस भिजवल्याशिवाय तोंडात घालवत नाही. मारवाडात खेजडीला केवढा मान आहे हे सांगायला १७३० सालची खेजडली गावातली घटना पुरे आहे: राजाच्या माणसांनी ही झाडे तोडू नयेत म्हणून बिश्नोई पंथाच्या ३६३ माणसांनी प्राण दिले होते. जैसलमेरच्या बाजारात सांगरीचा भाव सुक्या मेव्याच्या रांगेत बसतो, हे ऐकून आत्याने पिशवी परत ठेवली आणि मग पुन्हा उचलली.

बाटीच्या बाबतीत मात्र तिने मारवाडाला हार मानली नाही. आमच्या घरी बट्टीचे उंडे आधी वाफवतात, मग कापून तळतात, आणि वरण व घोटलेल्या वांग्याच्या भाजीबरोबर कुस्करून खातात. तिथली बाटी सरळ गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून तुपात बुडवलेली. ‘हिला दगडासारखीच ठेवली,’ असा तिचा शेरा होता. उकड काढायलाही पाणी लागते, हे मी म्हणालो, त्यावर तिने उत्तर दिले नाही, पण दुसरी बाटी घेतली.

आता माझ्या फजितीकडे येतो. वाळूच्या टेकड्यांसाठी प्रसिद्ध असलेले सम हे गाव जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटर आहे. त्या दिवशी सकाळी घाईत फक्त चहा घेतला होता. दुपारी तिथल्या तंबूंच्या एका मुक्कामी उतरलो, तर जेवायला पनीर आणि नूडल्स, आणि पाण्याच्या बाटलीचा दर असा की त्यापेक्षा लस्सी स्वस्त पडावी. तरीही ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला डोक्यात पक्का असल्याने मी जेवण टाळून तीन बाटल्या रिचवल्या आणि तासन्‌तास वाळूत चढउतार करत राहिलो. गंमत अशी की अंगाला घाम असा जाणवलाच नाही. कोरड्या हवेत तो सुटताक्षणी उडून जातो. संध्याकाळी काळ्या सदऱ्यावर बगलेपासून कमरेपर्यंत मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या पाहिल्या, तेव्हा किती गेला ते समजले. तोवर डोके ठणकत होते, मळमळत होते आणि दोन्ही पोटऱ्यांना गोळे आले होते. मी चौथी बाटली उघडायला लागलो तर चालकाने ती हातातून काढून घेतली आणि विचारले, ‘पानी तो बहुत हुआ साब, नमक कब खाया?’

शरीरातून मीठ जात असताना वरून नुसते पाणीच ओतत राहिले, तर उरलेसुरले मीठ आणखी पातळ होते, एवढे साधे गणित मी विसरलो होतो. त्याने मला जवळच्या ढाणीवर, म्हणजे वाळवंटातल्या छोट्या वस्तीवर नेले. तिथे पितळेच्या मोठ्या लोट्यातून ताक आले. पातळ, भाजलेले जिरे चुरडून घातलेले आणि आपल्या जिभेला अंमळ जास्तच वाटेल इतके खारट. एकदम पिऊ दिले नाही. घोटघोट, मध्ये थांबून, बरोबर आत्याच्या उरलेल्या दशमीचा तुकडा. तासाभराने पाय मोकळे झाले. ताक मिळणार नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही घरगुती जलसंजीवनी तरी बाटलीत हवी. चमचे चहाचे, आणि मीठ अंदाजाने वाढवायचे नाही. घरून उन्हात निघताना आत्या आजही अहिराणीत म्हणते, ‘पानी पीसन निंघ,’ पण तिच्या त्या पाण्याबरोबर नेहमी गुळाचा खडा असतो, हे मला त्या ढाणीवर बसल्यावर आठवले.

दुसरा दिवस होळीनंतरचा आठवा, म्हणजे तिकडची शीतळा अष्टमी. आपल्याकडे शीतळेचा सण श्रावणात येतो; मारवाडात तो आताच, आणि त्या दिवशी चूल पेटवायची नसते. चालकाने आम्हाला आपल्या घरी जेवायला नेले. आदल्या दिवशीच्या पुऱ्या, केर, सांगरी, कुमटाच्या बिया, गुंदा (आपले भोकर) आणि आमचूर यांचा तेलात परतलेला पंचकुटा, आणि मडक्यातली बाजरीची राब. राबेसाठी बाजरीचे पीठ ताकात कालवून मडके काही तास उन्हात ठेवतात, आंबूस वास आला की मंद आचेवर घोटत शिजवतात आणि गार करून पितात. बाजरी उष्ण म्हणून आपण ती थंडीतच खातो. तीच बाजरी आंबवून त्यांनी उन्हाळ्याचे पेय केले आहे. मी तीन वाट्या प्यालो.

अंगणात टाके होते: जमिनीखाली बांधलेली विहिरीसारखी गोल टाकी, भोवती पावसाचे पाणी आत वळवणारी उतरती स्वच्छ जमीन, जिला ते आगोर म्हणतात, आणि तोंडावर झाकण, झाकणाला कुलूप. आत साठलेले पावसाचे पाणी म्हणजे पालर पाणी. नळ आला आहे, पण चहाला आणि डाळीला हेच पाणी, कारण भूगर्भातले बहुतेक ठिकाणी खारे. घरच्या बाईंनी आत्याला पेला दिला तो काठोकाठ नव्हे, अर्धाच, आणि तो संपल्यावर पुन्हा अर्धा. आत्याने तळाचे दोन घोट तुळशीला घालण्यासाठी उठण्याची तिची नेहमीची सवय त्या दिवशी आवरली आणि पेला रिकामा करून पालथा ठेवला.

अमळनेरला परतल्यावर तिने सांगरी रात्रभर भिजवून काळ्या मसाल्यात केली आणि ती आम्ही कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर चट्टामट्टा केली. केर मात्र अजून डब्यात आहे. तीन दिवस ताकात ठेवूनही कडूच राहिले, आणि चालकाला फोन केला तेव्हा तो हसून म्हणाला, माजीसांना सांगा, ताक रोज बदलायचे असते.