हौशी नाट्यसंस्थेचा अर्ज : माझा अनुभव

नाट्यसंस्थेत येण्यासाठी अभिनय आलाच पाहिजे असे नाही, हे प्रत्येक संस्था आवर्जून सांगते. मात्र अभिनय न करणाऱ्याने नेमके कोणाला भेटावे, हे कोणी सांगत नाही. मला पडद्यामागे काम करायचे होते. त्यासाठी संस्थेतून मिळालेला स्वयंसेवक नोंदणीचा अर्ज मी नीट भरून दिला.

त्या अर्जावरचा माझा राग अजून गेलेला नाही. नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा, ध्वनी, तिकीट खिडकी अशा चौकटी छापून त्यांपैकी एकाच चौकटीत खूण करण्याची सूचना होती. ज्याने यांतले एकही काम जवळून पाहिलेले नाही त्याने निवड कशाच्या आधारे करायची, याचा विचार अर्ज तयार करणाऱ्याने केलेला दिसत नव्हता. पूर्वानुभवासाठी भरपूर ओळी सोडलेल्या होत्या, पण कोणत्या दिवशी आणि किती वाजता येऊ शकाल, या खऱ्या उपयोगाच्या प्रश्नाला जागाच नव्हती. अर्ज घेताना ‘आम्ही कळवू’ असे सांगण्यात आले. कोणी कळवले नाही. चौकशी केली तेव्हा अर्ज कार्यकारिणीपुढे ठेवला आहे असे समजले. पुन्हा चौकशी केली तेव्हा चालू नाटकाचे प्रयोग संपल्याशिवाय कार्यकारिणीची बैठक होणार नाही, असे उत्तर मिळाले. नाटक संपल्यावर माझी गरज कोणाला लागणार होती, कोण जाणे! त्यातच सूचनाफलकावर ‘पडद्यामागे मदतीसाठी माणसे हवी आहेत’ अशी चिठ्ठी लागली आणि माझा संयम संपला.

खरी गोम अशी होती की अर्ज जातो कार्यकारिणीकडे आणि माणसांची निकड असते रंगमंच व्यवस्थापकाला. हौशी नाटकाच्या तालमी नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी चालतात. नेपथ्य उभारायची वेळ येते तेव्हा प्रयोग तोंडावर आलेला असतो आणि नेमके तेव्हाच हात कमी पडतात. म्हणून नेपथ्याच्या उभारणीचा दिवस विचारून घ्यावा आणि सरळ तेथे जावे. मी तसेच केले. व्यवस्थापिकेने अर्जाचा विषयही न काढता मला फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातल्या भिंतींचे सुटे तुकडे, रंगवायला बसवले आणि त्यानंतर कामाची वाट पाहण्याची वेळ माझ्यावर आली नाही. अभिनय करू इच्छिणाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे. त्यांनी निवड चाचणीची तारीख गाठावी आणि आयत्या वेळी हातात आलेला उतारा वाचण्याची तयारी ठेवावी.

पुढे मला प्रॉपर्टीचे, म्हणजे नट रंगमंचावर वापरतात त्या वस्तूंचे, टेबल मिळाले. विंगेतल्या त्या टेबलावर कागद अंथरून प्रत्येक वस्तूभोवती रेघ ओढलेली असते आणि रेघेच्या आत तिचे नाव लिहिलेले असते, त्यामुळे एखादी चौकट रिकामी दिसली की नटाच्या खिशातून चष्मा घरी गेला आहे, हे पडदा उघडण्यापूर्वीच लक्षात येते. या टेबलाचा मला आजही अभिमान वाटतो.

आधी सांगायचे राहिले ते असे, की संहितेवर पेनाने काहीही लिहू नये. हालचाली रोज बदलतात, तेव्हा पेन्सिल आणि खोडरबर जवळ हवेच. रंगमंचाची डावी-उजवी बाजू प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची धरतात. प्रयोगाला काळे कपडे आणि आवाज न करणारी पादत्राणे लागतात. हेडसेटवर प्रकाश किंवा ध्वनी बदलण्याचा इशारा ‘गो’ या शब्दाने दिला जातो, त्यामुळे तो शब्द तेथे गप्पांत उच्चारायचा नाही. आणखी एक, शेवटच्या प्रयोगानंतर नेपथ्य उतरवायला थांबावे. टाळ्या झाल्या की बरेच जण निघून जातात. खिळे उपसायला थांबलेल्यांची नावे मात्र व्यवस्थापिका तिथल्या तिथे वहीत लिहून घेते आणि पुढच्या नाटकाच्या पहिल्या वाचनाचे निरोप त्याच यादीवरून जातात.