पडवी, माजघर, माळा

माझ्याकडे तीन डिस्क आहेत आणि तिन्हींना मी घराच्या भागांची नावं दिली आहेत. रोजच्या कामाची ती पडवी, तिची प्रत राहते ते माजघर आणि वर्षातून दोनदाच हात लावायचा तो माळा. आई विचारते, "एकच वस्तू तीनदा कशाला ठेवतोस रे?"

ऐवज फार नाही. वडिलांच्या हिशेबाच्या स्कॅन केलेल्या वह्या, अकरा वर्षांचे फोटो, आजीच्या आवाजातल्या ओव्या. सगळं मिळून सहाशेएक जीबी. १ टीबीच्या डिस्कवर आरामात मावतं, जरी ती संगणकात ९३१ जीबीच दिसते. दुकानदारानं फसवलं असं आधी वाटलं होतं. बनवणारे हजारानं मोजतात आणि विंडोज १०२४नं, एवढाच तो घोळ.

सुरुवातीला दोनच डिस्क होत्या, त्याही एकाच कपाटात. पडवीत बदल झाला की माजघरात आपोआप तसाच व्हायचा, आणि त्यालाच मी बॅकअप म्हणायचो. एका रात्री पेंगत पेंगत ओव्यांचा फोल्डर उडवला. सकाळी माजघरात बघतो तर तिथूनही गायब. पडलेला दात आरशात कुठून दिसणार? (ओव्या शेवटी मामेबहिणीच्या फोनमध्ये सापडल्या. तिला काहीही पुसायची सवय नाही.) तेव्हापासून पुसलेली फाइलसुद्धा माजघरात तीन महिने तशीच राहते.

मग ३ जून २०२० उजाडला. निसर्ग वादळानं दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीतल्या माडा-पोफळी आडव्या केल्या, कौलं उडवली, आणि पाऊस थेट कपाटावर. डिस्क वाचल्या त्या आईनं उलट्या घातलेल्या घमेल्याखाली. वीज येईपर्यंत त्या जिवंत आहेत की नाहीत तेही कळेना. छायाचित्रकार पीटर क्रोग यांचा ३-२-१ नियम त्यानंतर वाचला : प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. म्हणून माळा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क) घेतला आणि डब्यात घालून चिपळूणला ताईकडे ठेवला. तळमजल्यावर.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी तिच्या घरात शिरलं. चार दिवसांनी फोन लागला तेव्हा ती म्हणते, "तुझा डबा राहिला रे खाली." तिचं अख्खं स्वयंपाकघर चिखलात, आणि अपराधी आवाज माझ्या डब्यासाठी! त्याच पुरात लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकंही भिजली. १८६४चं ग्रंथालय ते, २००५चा पूरही सोसलेलं. माझ्या डब्याचं मेलं काय कौतुक.

नवा माळा घाटावर धाडला, कराडला आतेभावाकडे. तिथेही कृष्णा-कोयना आहेतच, म्हणून आधी मजला विचारला. तिसरा.

आणि ही माझी आई पडवळाच्या बिया कशा ठेवते? राखेत घोळवून एक पुरचुंडी चुलीवरच्या आढ्याला, दुसरी पत्र्याच्या डब्यात, तिसरी शेजारच्या काकूंकडे. हे तिला दाखवून दिलं तर म्हणाली, "बियांचं वेगळं. त्या मरतात."

मे अखेरीस, आगोटीच्या धांदलीत, माळा आठवडाभर घरी येतो. नव्या फाइली चढवायच्या, जुन्यांतल्या दहा-वीस उघडून बघायच्या (लोणच्याची बरणीही उघडल्याशिवाय बुरशी कळत नाही), मग सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात घालून घाट चढणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायचा. यंदा झाकण लावताना आईनं त्यात एक पुरचुंडी सारली.

दोन दिवसांनी आतेभावाचा फोन आला, तोही आईला.

"मामी, बिया पोचल्या. पडवळ कधी लावायचं?"