बेळगावहून कोल्हापूर: दर्शनानंतरचे शहर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या आपल्यापैकी बहुतेकांचे कोल्हापूर म्हणजे अंबाबाईचे दर्शन, चप्पल लाइनमधली खरेदी आणि संध्याकाळची परतीची बस. पुतणीला पदव्युत्तर शिक्षणासाठी शिवाजी विद्यापीठात जायचे असल्याने या वेळी आम्ही घरची मंडळी मुद्दाम मुक्कामाला राहिलो आणि देवळापासून नदीपर्यंतचे जुने शहर पायी पाहिले. तसेच सर्वांनी पाहावे, असे मनापासून वाटते.

बेळगावहून कोल्हापूर सुमारे 110 किलोमीटर आहे. रेल्वेचा मार्ग मिरजेवरून वळसा घेत असल्यामुळे संकेश्वर, निपाणी, कागलमार्गे जाणारी बसच सोयीची पडते. कर्नाटकातील महिलांसाठीच्या शक्ती योजनेचा मोफत प्रवास आंतरराज्य बसला लागू नसल्याने घरातील महिलांचेही तिकीट काढावे लागते, हे आधीच ध्यानात घ्यावे.

दर्शन पहाटे उरकावे. नोव्हेंबरच्या 9, 10, 11 आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या आरंभी किरणोत्सव असतो. मावळतीचे किरण देवीपर्यंत पोहोचण्याचा तो सोहळा पाहायचा नसेल, तर त्या संध्याकाळी देवळाकडे न फिरकणेच बरे. दर्शन झाल्यावर महाद्वार रोडने पापाची तिकटी आणि तिथून गंगावेशीकडे चालत जावे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, गवळी आपल्यासमोर धार काढतो आणि कोमट, फेसाळ दूध पेल्यात ओतून हातात देतो. आमच्या धाकट्याने एका दमात पेला रिकामा करून दुसरा मागितला. तालमी आणि कुस्तीची ही पेठ या दुधावरच पोसली आहे, हे तिथे उभे राहिल्यावर सांगावे लागत नाही.

पुढे शुक्रवार पेठेतून उतरत गेले की पंचगंगेचा घाट येतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून झालेली ही नदी घाटावर संथ वाहते. पायऱ्यांवरची लहान देवळे पावसाळ्यात पाण्याखाली जातात, त्यामुळे घाट पाहायचा तर दिवाळीनंतर यावे. जवळच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात ठेवलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या नदीकाठचा व्यापार थेट रोमन जगापर्यंत पोहोचला होता, याचा तो पुरावा आहे. संग्रहालय सोमवारी बंद असते.

शहराचा विद्यार्थ्यांशी असलेला संबंध विद्यापीठाहून जुना आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले आणि पुढे जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी राहिली. त्यांपैकी काही दसरा चौकाच्या परिसरात आजही दिसतात. खेड्यातल्या मुलाला शहरात राहण्याजेवण्याची सोय झाल्याखेरीज शिक्षण मिळणार नाही, हे ज्या राजाने ओळखले, त्याच्या नगरीत आपली मुले शिकायला जातात याचा मला अभिमान वाटतो. शिवाजी विद्यापीठाची स्थापना 18 नोव्हेंबर 1962 रोजी झाली. मुख्य इमारतीसमोरचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आणि प्रशस्त, झाडीचा परिसर निवांत पाहायचा असल्यास केएमटीने (शहर बसने) किंवा रिक्षाने सकाळी जावे. प्रवेशाची चौकशी असेल, तर कार्यालयीन दिवस गाठावा आणि कर्नाटकातील गुणपत्रके व दाखल्यांच्या मूळ प्रती सोबत ठेवाव्यात.

जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळी पाहूनच निघावे. 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी आहे. 2019 आणि 2021 च्या पुरांत तर निपाणीजवळच्या यमगर्णीला वेदगंगेचे पाणी महामार्गावर आल्याने आपल्या बाजूची वाट बंद झाली होती. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या बसही थांबतात, म्हणून 1 नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सवाच्या) आसपास जायचे असल्यास आदल्या दिवशी बस स्थानकावर विचारून घ्यावे.