फिशन, भिंत आणि तूरडाळ

आपल्या बडोद्याच्या शाळेच्या अमृतमहोत्सवासाठी काहीतरी लिही असा ग्रुपवर मेसेज आला तेव्हा आधी आठवल्या त्या संस्कृतच्या बाई. दहावीत एकदा सायन्सचे सर रजेवर होते म्हणून बाई ऑफ पिरियडला आल्या, फळ्यावर आदल्या दिवशीचं 'फिशन म्हणजे विखंडन' तसंच होतं, आम्हाला वाटलं पुसतील, पण त्यांनी डस्टर बाजूला ठेवलं आणि त्याच्या शेजारी खडूने मोठ्ठं 'भिद्' लिहिलं.

लॅटिनमध्ये फिंडेरे म्हणजे चिरणं, त्यावरून फिशन, आणि त्याचं सख्खं भावंड म्हणजे आपला भिद् धातू. चला, शब्द सांगा म्हणाल्या. भेद, मतभेद, अभेद्य हे पटापट आले. मग बाईंनी 'भिन्न' काढला, मुळात अर्थ फुटलेलं, वेगळं हा अर्थ नंतरचा. भिंतसुद्धा त्यातलीच, संस्कृत भित्तीवरून, जागेचे दोन भाग पाडते ना. आणि इंग्लिशमधला बाइट पण याच कुळातला! मी तर वर्गाच्या भिंतीकडे बघतच बसलो.

पुढे एम. एस. युनिव्हर्सिटीत फिजिक्स घेतलं तेव्हा बाकीचं कळलं. 1938 च्या डिसेंबरात बर्लिनला हान आणि स्ट्रासमान यांना युरेनियमवर न्यूट्रॉन मारून चक्क बेरियम सापडलं, माइटनर आणि फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला की युरेनियमच्या अणूचा गाभाच फुटून त्याचे दोन तुकडे झालेत, आणि फ्रिशने एका बायॉलॉजीवाल्याला विचारलं की एका पेशीच्या दोन होतात त्याला तुम्ही काय म्हणता, तो म्हणाला फिशन, झालं, 1939 मध्ये पेशीचा शब्द अणूला चिकटला.

हे सांगायला मी मुद्दाम बाईंच्या घरी गेलो, दांडिया बाजारात. त्या परातीत तूरडाळ निवडत होत्या. सगळं नीट ऐकून घेतलं, एक दाणा बोटावर घेतला, सपाट बाजू माझ्याकडे केली आणि म्हणाल्या, ही बघ, दल् म्हणजे फुटणं, तूर भरडली, दोन फाका झाल्या, म्हणून डाळ. असं शिकवणारं माणूस मला नंतर कॉलेजातही भेटलं नाही.

ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी कारभाराच्या शब्दांसाठी शब्दकल्पतरू नावाचा अख्खा कोश करवून घेतला, 1931 मध्ये, तिथल्या आपल्या शाळेत शब्दकोशांचं एक कपाट तरी हवंच असं मला फार वाटतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्लिश कोश माझ्याकडून, बाकी कोण काय देतंय ते ग्रुपवर टाका.