विजेच्या बिलाचा रकाना

गेल्या एप्रिलमध्ये मी बँकेचा कर्ज अधिकारी म्हणून सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या देवबागला एका न्याहारी-निवासाच्या विस्तारासाठी मागितलेल्या मुदत कर्जाची पाहणी करायला गेलो होतो. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या त्या चिंचोळ्या पट्टीवर मालकीणबाईंच्या कौलारू घरात पंख्याच्या ४ खोल्या होत्या आणि प्रस्ताव स्लॅबच्या १२ वातानुकूलित खोल्यांचा होता.

"काकी, पंख्याच्या खोल्या चालत नाहीत का?" मी विचारले.

"साहेब, पाव्हणे फोनवर पयलो एसी इचारतत, दर्या मगे."

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्यानंतर पाहुणे वाढले आणि त्यांच्या भरवशावर आमच्यासारख्या बँकांची कर्जेही वाढली. अशी कितीतरी प्रकरणे मी स्वतः मंजूर केली होती, पण त्या दिवशी काकींनी फायलीला लावलेले मे महिन्याचे जुने बिल पाहून मी थबकलो, कारण ते जेमतेम ४०० युनिटांचे होते. एक एसी तासाला सुमारे १.२ युनिट घेतो असे धरले, तर १२ खोल्यांत रोज १० तास चालून १४४ युनिट होतात. म्हणजे आधी महिनाभर पुरणारी वीज तीन दिवसांतच संपणार होती.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार देशाच्या ग्रिडमधील एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेव्हा या खोल्यांचा हिशेब दिवसाला १०० किलोंवर जात होता. पूर्वी मी चंद्रपूरला नोकरीस होतो आणि तिथल्या औष्णिक केंद्राची राख खिडकीच्या गजांवरून पुसलेली आहे. देवबागेत मात्र यातले काहीच दिसत नाही. प्रस्तावात डिझेल जनरेटरही होता, आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर विजेविना काढलेले दिवस काकींच्या तोंडून ऐकल्यावर तो अनावश्यक आहे असे म्हणण्याचे धाडस मला झाले नाही.

छतावरील सौर पॅनेल सुचवले खरे, परंतु एक किलोवॅटमागे दिवसाला सुमारे ४ युनिट मिळतात आणि एसी प्रामुख्याने रात्री चालतात. नेट मीटरिंगने, म्हणजे दिवसा ग्रिडला दिलेली सौर वीज बिलातून वजा होऊन, बिल उतरले, तरी रात्रीची वीज बरीचशी कोळशाचीच राहते. आमच्या मूल्यांकनाच्या नमुन्यात विजेला एकच रकाना आहे, तोही खर्चाचा, रुपयांत. कर्जफेडीची क्षमता त्या खर्चानंतरही उत्तम दिसत होती.

शेवटी काकींशी बराच वेळ बोलून आम्ही आराखडा बदलला: ८ खोल्या एसीच्या, ४ कौलारू, उंच छताच्या, समुद्रवाऱ्याकडे खिडक्या असलेल्या, आणि गरम पाण्याला सौर बंब. आठवड्याने वरिष्ठ कार्यालयातून फाइल परत आली, ती एका शेऱ्यासह: "४ खोल्यांचे भाडे कमी का धरले, याचा खुलासा करावा." मी खुलाशात वरची सगळी आकडेमोड लिहिली आणि रकाना नसल्यामुळे ती वेगळ्या कागदावर जोडली.