तुम्ही विचारलंत म्हणून: लिनक्सवर सगळं चालतं का?

"मॅडम, तुमच्या लॅपटॉपात विंडोज नाही म्हणे. मग सगळं चालतं का?"

शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी, औशाच्या बसस्टँडवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वरण वाढणाऱ्यानं बादली खाली ठेवून हे विचारलं. मी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. कॉम्प्युटर माझा विषय नाही, चौथीचा वर्ग माझा. दर वेळी "हो, चालतं की" म्हणून मोकळी व्हायचे आणि मग त्या एका "हो"पायी रात्री दहाला फोन घ्यायचे. माझ्या लॅपटॉपात विंडोजच्या जागी लिनक्स आहे, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी दुसरी, फुकटची प्रणाली. म्हणून आता नीटच सांगते.

लॅपटॉप 2020 च्या दिवाळीतला. शाळा बंद, वर्ग ऑनलाइन, आणि सोयाबीनची पट्टी हातात आली त्याच आठवड्यात लातूरला जाऊन घेतला. 22 हजारांत जे मिळतं ते: 4 जीबी रॅम, तीही बोर्डावरच डाग दिलेली, म्हणजे वाढवता येत नाही. साठवणीला 64 जीबीची ईएमएमसी. ही हार्ड डिस्क नव्हे आणि एसएसडीही (न फिरणारी, वेगवान डिस्क) नव्हे, मोबाईलमध्ये असते तसली चिप. दोष विंडोजचा आहे असं मी म्हणणार नाही. एवढ्याशा पिशवीत क्विंटलभर भरायला गेल्यावर पिशवी फाटणारच. अपडेट यायचं, जागा मागायचं, जागा नसायची, आणि अर्धवट उतरलेलं अपडेट उरलेली जागा खाऊन बसायचं. यूडायसची, म्हणजे सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरायच्या दिवसांत मी लॅपटॉपचं बटण दाबून कुकर लावायचे. दुसऱ्या शिट्टीला डेस्कटॉप दिसायचा.

भाचा नांदेडला इंजिनीअरिंगला होता. त्यानं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आत्या, विकू नको. लिनक्स मिंट टाक, एक्सएफसीईवालं. हलकं असतं." मी म्हटलं, तू ये आणि टाकून दे. तो म्हणाला, "मी टाकलं तर पुढं प्रत्येक वेळी मलाच बोलावशील." तेव्हा राग आला होता.

लिनक्स हा खरं तर त्या प्रणालीचा नुसता गाभा आहे. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं तो 1991 साली लिहायला घेतला आणि सगळ्यांना उघडा करून दिला. त्या गाभ्याभोवती ज्यानं त्यानं आपापलं घर बांधलं: 1993 ला डेबियन, 2004 ला डेबियनवरून उबुंटू, 2006 ला उबुंटूवरून मिंट. पैसे कुणीच मागत नाही. एक्सएफसीई म्हणजे त्या घरातलं साधं, कमी जागेतलं फर्निचर. 4 जीबीच्या मशीनला ते मानवतं.

2023 ची उन्हाळी सुट्टी. मिंटची फाईल पावणेतीन जीबीच्या आसपास, आणि माझा मोबाईल पॅक दिवसाला दीड जीबीचा. म्हणून टॉरेंटनं उतरवली. हे नाव चोरट्या सिनेमांमुळे बदनाम झालंय, पण मिंटवाले स्वतःच टॉरेंट देतात, आणि आज जिथं थांबलं तिथून उद्या पुढं सुरू होतं. दोन दिवसांत फाईल हातात आली. मग भाच्यानं बेरीज ताडून बघायला लावली. फाईलसोबत एक लांबलचक आकडा-अक्षरांची ओळ दिलेली असते. आपल्या फाईलची तशीच ओळ काढायची आणि दोन्ही जुळतात का बघायचं. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल नावाची आज्ञा आहे. मला हा अतिशहाणपणा वाटला होता. मग कळलं की 2016 च्या फेब्रुवारीत खुद्द मिंटच्या वेबसाईटवर कुणीतरी घुसून तिथली लिंक बदलली होती आणि लोकांनी मागचं दार उघडं असलेली, म्हणजे परक्याला लॅपटॉपात शिरू देणारी फाईल उतरवून घेतली होती. तेव्हापासून मी ओळ ताडल्याशिवाय पुढं जात नाही. शेवटची चार अक्षरं बघून "जुळलं" म्हणू नका, सगळी बघा.

फाईल पेन ड्राईव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही, रूफस किंवा एचर नावाच्या प्रोग्रॅमनं चढवावी लागते. मग लॅपटॉप पेन ड्राईव्हवरून सुरू व्हावा म्हणून सुरू होताना कुठली तरी कळ दाबायची: कुणाची एफ 2, कुणाची एफ 12, कुणाची एस्केप. माझी सापडायला सहा वेळा बंद-चालू करावं लागलं.

आणि मग समोर मिंट उघडलं, पेन ड्राईव्हवरूनच. ही सोय लोकांना माहीतच नसते. काहीही न पुसता आधी तासभर वापरून बघता येतं. आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, वायफाय धरतं का, सगळं तिथंच कळतं. माझं वायफाय धरायचं आणि सुटायचं. फोन यूएसबीच्या वायरनं जोडला, फोनमध्ये टेदरिंग चालू केलं, आणि इंटरनेट लगेच आलं. (पुढं अपडेट मॅनेजरमधून नवं कर्नल, म्हणजे तो गाभाच, घेतल्यावर वायफायही सुधारलं.)

आता तो क्षण सांगते. इन्स्टॉलचं चिन्ह दाबलं, भाषा झाली, कीबोर्ड झाला, आणि पुढच्या पानावर विचारलं, कुठल्या डिस्कवर टाकू? दोन नावं. एक एसडीए, दुसरं एमएमसीबीएलके 0. मी आदल्या रात्री तीन व्हिडिओ बघितले होते आणि तिन्हीत एसडीए निवडायला सांगितलं होतं. बोट तिकडंच चाललं होतं. नुसतं सहज पुढचे आकडे वाचले: एसडीए 8 जीबी. माझा लॅपटॉप 64 चा. 8 जीबीचा तर पेन ड्राईव्ह! ईएमएमसीची चिप असली की लॅपटॉपची डिस्क एसडीए नसते, ती त्या एमएमसीबीएलके नावानं दिसते. व्हिडिओवाल्यांची मशीनं मोठी होती, त्यांच्याकडे हा प्रश्नच नव्हता. तेव्हापासून सांगत आले, नाव वाचू नका, आकार वाचा.

"डिस्क पुसून टाका आणि इन्स्टॉल करा" हे दाबताना पोटात गोळा आला. फोटो, प्रश्नपत्रिका, मुलाचे दाखले बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतले होते, तरी आला. बहुतेक अशा लॅपटॉपांत विंडोजचा परवाना बोर्डातच नोंदलेला असतो. वाटलं तर उद्या विंडोज परत टाकता येतं, परवाना जात नाही. हे मला आधी माहीत असतं तर गोळा थोडा लहान आला असता. अर्ध्यात असताना लाईट गेली. नवरा आतून ओरडला, "गेलं का गं सगळं?" मी बॅटरीकडं बघितलं, 71 टक्के. पंचवीस-तीस मिनिटांत काम झालं. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा सवयीनं कुकर लावायला उठले आणि डाळ धुवायच्या आत डेस्कटॉप तयार.

आता तुमचा प्रश्न. "सगळं चालतं का?" मी उलट विचारते, तुमचं सगळं म्हणजे काय? शिक्षकाचं सगळं म्हणजे नव्वद टक्के ब्राउझर. यूडायस, दीक्षा (शिक्षणाचं सरकारी पोर्टल), व्हॉट्सॲप वेब, यूट्यूब, बँक. ह्यांना खाली विंडोज आहे की लिनक्स, ह्याच्याशी देणंघेणं नसतं. पत्रं आणि प्रश्नपत्रिका वर्ड-एक्सेलसारख्या लिब्रे ऑफिसमध्ये होतात. मराठी टायपिंग तर विंडोजपेक्षा सोपं पडलं. कीबोर्डच्या यादीत मराठी घेतली की इन्स्क्रिप्ट आलंच. 1991 च्या भारतीय मानकातली ही मांडणी, शिकायला मला आठ दिवस लागले. शिफ्ट धरून "र" दाबला की "ऱ" मिळतो, मग "दऱ्या" लिहिताना "दर्या" होत नाही. व्याकरण शिकवणारीला हे फार मोठं आहे हो. जुन्या फॉन्टातल्या प्रश्नपत्रिका मात्र उघडल्या की चिन्हांचा पाचोळा दिसतो. तो पाचोळा व्हॉट्सॲपवरून दुसऱ्याला पाठवला तेव्हाही दिसायचाच. त्या मी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येतील अशा अक्षरांत, पुन्हा टाईप केल्या. मे महिना गेला त्यात.

आणि चालत नाही ते. निकालपत्रकाची ती एक्सेल फाईल, जी दर एप्रिलला एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरते. आकारिक-संकलित गुण भरले की श्रेणी, प्रगतिपत्रक, गोषवारा सगळं आपोआप काढते ना, तीच. तिच्यात मॅक्रो, म्हणजे एक्सेलसाठी लिहिलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा, भरलेत. लिब्रे ऑफिसमध्ये फाईल उघडते, गुण दिसतात, आणि "प्रगतिपत्रक तयार करा" हे बटण मेल्यासारखं पडून राहतं. मी निकाल मुख्याध्यापकांच्या कॉम्प्युटरवर करते, सरळ सांगते. शाळेतला लेझर प्रिंटरही लिनक्सशी बोलत नाही. पीडीएफ करून फोनवर घेते आणि झेरॉक्सवाल्याकडून काढते. माझ्या दिराचं मोंढ्यात आडत दुकान आहे, त्यांचा जीव टॅली ह्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये. टॅली लिनक्ससाठी निघत नाही. भाऊजींनी विचारलं तेव्हा मी साफ "नको" म्हटलं. तुमचा जीव ज्या एका प्रोग्रॅममध्ये अडकलाय, तो आधी मला सांगा. तो चालला तर पुढचं बोलू.

अजून एक. तुमच्या लॅपटॉपला रॅमची रिकामी खाच असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर लिनक्सच्या आधी रॅम वाढवा आणि एसएसडी घाला. फिरत्या डिस्कवर कुठलंही घर बांधा, उंबरा ओलांडायला वेळ लागणारच.

आता रात्री दहाच्या फोनांचं. शाळेतल्या एका सरांच्या लॅपटॉपवर त्याच सुट्टीत मीच बसून मिंट टाकून दिलं होतं. त्यांना विंडोजही हवं होतं, म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलं. मला वाटलं, उपकार केला. तिसऱ्या दिवशी फोन:

"मॅडम, सी ड्राईव्ह दिसना गेलंय."

"सर, लिनक्सात सी ड्राईव्ह नसतो. होम उघडा."

"होम म्हणजे? मी घरीच हाय की."

पुढच्या आठवड्यात: "मॅडम, विंडोजचं घड्याळ मागं पळायलंय. पाच तास मागं. मी ट्रेनिंगला बसलाव तर संपलेलं."

पाच नव्हे, बरोबर साडेपाच. लिनक्स हे मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि दाखवताना आपले साडेपाच तास मिळवतं. विंडोज त्याच घड्याळाला भारतीय वेळ समजतं. दोघं एका घरात आले की भांडण. एका ओळीची आज्ञा देऊन लिनक्सला विंडोजसारखं वागायला लावता येतं, पण ती मला भाच्यानं सांगेपर्यंत चार दिवस गेले. तोवर सर दुकानात गेले होते. दुकानदार म्हणाला म्हणे, "हे कामून भरून घेतलंय?" आणि अडीचशे रुपयांत सगळं पुसून नुसतं विंडोज टाकून दिलं. सर महिनाभर माझ्याशी जरा तुटकच बोलत होते. बरोबर होतं त्यांचं. आपल्या गल्लीत, आपल्या शाळेत ज्याला ते येतं असा दुसरा माणूस नसेल तर फुकटचं सॉफ्टवेअर महाग पडतं. पुण्या-मुंबईत दहा माणसं सापडतात. आमच्याकडे सापडते ती मी, आणि मला चौथीचा अभ्यासक्रम संपवायचा असतो.

म्हणून आता माझी अट आहे, आणि ती भाच्याचीच आहे. रविवारी दुपारी घरी या. 8 जीबीचा रिकामा पेन ड्राईव्ह, चार्जर, आणि ज्यावर सगळं उतरवून घेतलंय ती हार्ड डिस्क आणा. कीबोर्डला हात मी लावणार नाही. चहा मी देईन.

परवाच्या रविवारी तेच सर आले. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला, आणि त्यांच्या लॅपटॉपातला इंटेलचा प्रोसेसर सातव्या पिढीचा. एखाददुसरा अपवाद सोडला तर विंडोज 11 आठव्याच्या खालच्याला घेत नाही. "दुकानदार नवा घ्या म्हणाला," सर म्हणाले, आणि पुढं काही बोलले नाहीत. मीही नाही बोलले. त्यांनीच फाईल उतरवली होती, ओळ ताडून आणली होती, कागदावर लिहून. डिस्कचं पान आल्यावर चष्मा वर सरकवून आकडे मोठ्यानं वाचले. मग पुसण्याच्या बटणावर बाण नेऊन थांबले.

"मॅडम, दाबू?"

"फोटो घेतलेत ना, सर?"

"घेतले." बाण तिथंच. "थांबा जरा." त्यांनी सगळं बंद केलं, हार्ड डिस्क पिशवीतून परत काढली, माझ्या लॅपटॉपला लावली, आणि मुलीच्या लग्नाचा फोल्डर उघडून एकेक फोटो बघत बसले. चहा दुसऱ्यांदा टाकला मी.